धक्का कुठे, शहर कुठे

क्रूझच्या माहितीपत्रकावर शहरांची नावं ठळक छापलेली असतात. रोम, फ्लॉरेन्स, बँकॉक, क्वालालंपूर. नकाशा उघडला की कळतं, यांतल्या एकाही शहराला आपलं जहाज लागणार नाही. रोमच्या नावाखाली जहाज थांबतं ते चिविताव्हेक्क्याला, आणि तिथून रोम ७०-८० किलोमीटरवर आहे. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो, बँकॉकसाठी लाम चाबांग. लाम चाबांगहून बँकॉक शंभर किलोमीटरहून जास्त, आणि बँकॉकची वाहतूक मुंबईकरालाही घाम फोडणारी. क्वालालंपूरसाठी जहाज पोर्ट क्लांगला येतं. तिथला क्रूझचा धक्का पुलाऊ इंदाह नावाच्या बेटावर आहे आणि क्लांगचं रेल्वे स्टेशनसुद्धा तिथून चालत जाण्याजोगं नाही.

म्हणून क्रूझचं तिकीट हातात आलं की आधी प्रत्येक बंदराबद्दल दोन गोष्टी लिहून काढाव्यात. जहाज नेमकं कुठल्या धक्क्याला लागणार, आणि शेवटचा प्रवासी जहाजावर परत कधी पाहिजे. काय बघायचं, काय खायचं, कुठे खरेदी करायची, हे सगळं या दोन उत्तरांवरून ठरतं. बहुतेक मंडळी उलट करतात. आधी बघायच्या जागांची यादी तयार होते आणि मग ती वेळेत कोंबली जाते.

एक हिशेब मांडून पाहू. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी पाचला सुटतं. कागदावर नऊ तास. पण बंदराच्या अधिकाऱ्यांनी जहाजाला मोकळीक देईपर्यंत कुणालाच उतरता येत नाही, मग शिडीपाशी रांग, मग गेटपर्यंतची बस. प्रत्यक्ष रस्त्यावर पाय ठेवायला नऊ वाजतात. परतीची शेवटची वेळ सुटण्याच्या वेळेआधी अर्धा ते एक तास असते, म्हणजे चार किंवा साडेचार. राहिले सात तास. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूरला जाऊन यायला रस्ता मोकळा नसेल तर तीन तास धरावेत. त्यावर एक तास राखीव, कारण टायर पंक्चर होतो, पाऊस पडतो, कुणाची तरी पर्स हॉटेलात राहते. उरले तीन तास. त्यात बटू केव्ह्जच्या २७२ पायऱ्याही चढायच्या, पेट्रोनासचे मनोरेही बघायचे, जेवायचंही आणि मुलांसाठी काही घ्यायचंही, असा बेत केला तर दिवसभर गाडीच्या काचेतून शहर दिसेल. यांपैकी एकच ठिकाण निवडावं.

त्याच सफरीत पेनांग असेल तर गोष्ट पूर्ण बदलते. तिथला स्वेटनहॅम धक्का जॉर्जटाउनच्या अगदी अंगणात आहे. २००८ साली जागतिक वारसा ठरलेली जुनी वस्ती शिडी उतरल्यावर पायी दहा-पंधरा मिनिटांत सुरू होते. महामारिअम्मनचं देऊळ, कपितान केलिंगची मशीद, चिनी कुळांची सभागृहं, तमिळ खाणावळी, सगळं चालत. इथे टॅक्सी नको, सहल नको, एक छत्री आणि पाण्याची बाटली पुरे. सिंगापूरहून निघणाऱ्या सफरींवर मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने जातात आणि दोन्ही बंदरांना सारख्याच पद्धतीने, जहाजाच्या महागड्या सहलीने उतरतात. माझं मत असं आहे: शहर धक्क्यापासून तासाभराहून लांब असेल तर जहाजाचीच सहल घ्यावी, पैसे जास्त गेले तरी. शहर जवळ असेल तर आपलं आपण जावं.

याचं कारण सहलीच्या दर्जात नाही, घड्याळात आहे. जहाजाने नेलेल्या बसला उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी थांबतं, किंवा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरात पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीतून येणाऱ्यासाठी जहाज थांबत नाही. यात निष्ठुरपणा नाही, बंदराचा कारभारच तसा चालतो. धक्क्याची जागा तासांच्या हिशेबाने घेतलेली असते, तिच्यावर दुसरं जहाज येणार असतं. बंदराबाहेर वाट दाखवणारा पायलट ठरल्या वेळी जहाजावर चढतो, टग बोटी बोलावलेल्या असतात, आणि बऱ्याच बंदरांत भरती-ओहोटीही बघावी लागते. मुंबईच्या बंदरात उधाणाला पाणी चार-पाच मीटरने चढतं-उतरतं, हे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय एक तास उशीर झाला की तो भरून काढायला रात्रभर वेग वाढवावा लागतो आणि इंधन भराभर जळतं.

मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ टोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’ जहाजाचे आठ प्रवासी असेच मागे राहिले. ते खाजगी सहलीला गेले होते. परतले तेव्हा जहाज अजून दिसत होतं, पण त्यांना वर घेतलं गेलं नाही. पुढच्या बंदरात जहाज गाठायला ते विमानाने आणि रस्त्याने अनेक देश ओलांडत गाम्बियाला पोचले, तर समुद्राच्या स्थितीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी सेनेगलमधल्या डाकारला त्यांची आणि जहाजाची गाठ पडली. जगभर ही बातमी झाली, कारण त्यांत म्हातारी माणसं होती. पण लहान प्रमाणात हे सतत घडतं, आणि धक्क्यावर धापा टाकत पळणारी माणसं हे क्रूझवरचं नेहमीचं दृश्य आहे.

वेळेबद्दल आणखी एक खाच. सिंगापूर आणि थायलंडमध्ये एका तासाचा फरक आहे. सिंगापूरहून निघालेलं जहाज फुकेतला गेलं तरी पुष्कळदा जहाजावरची घड्याळं सिंगापूरच्याच वेळेवर ठेवली जातात. तुमचा मोबाइल मात्र किनाऱ्याचं नेटवर्क मिळालं की आपोआप थायलंडची वेळ दाखवायला लागतो. मोबाइलवर तीन वाजलेत म्हणून तुम्ही निवांत नारळपाणी पीत बसता, आणि जहाजावर चार वाजलेले असतात. उतरताना शिडीपाशी जहाजाची वेळ फळ्यावर लिहिलेली असते. ती बघावी आणि जुन्या पद्धतीचं मनगटी घड्याळ त्या वेळेला लावून घालावं. क्रूझला जाणाऱ्याने घरातलं जुनं घड्याळ दुरुस्त करून घेणं हा मी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सल्ला मानतो.

थोडक्या वेळात परकं बंदर कसं बघावं, याचा एक सुंदर नमुना मुंबईच्याच बंदरातून निघालेल्या प्रवासात सापडतो. ३१ मे १८९३ रोजी स्वामी विवेकानंद ‘पेनिन्सुलर’ या आगबोटीने मुंबईहून निघाले. योकोहामाहून त्यांनी मद्रासच्या शिष्यांना पाठवलेल्या पत्रात वाटेतल्या बंदरांचं वर्णन आहे. कोलंबोला बोट जवळजवळ दिवसभर थांबली, तेव्हा ते शहरात हिंडले आणि बुद्धाचं मंदिर पाहून आले. हाँगकाँगला मुक्काम तीन दिवसांचा होता, म्हणून ते नदीतून ८० मैलांवरच्या कँटनला जाऊन आले. नागासाकीला काही तासच होते, तिथे फक्त गाडीतून शहरात फेरी मारली. आणि कोबेला त्यांनी बोट सोडलीच, जपानचा अंतर्भाग बघायला मिळावा म्हणून जमिनीच्या वाटेने योकोहामा गाठलं. जेवढा वेळ, तेवढाच बेत. काही तास असताना त्यांनी कँटनचा हट्ट धरला नाही आणि तीन दिवस हाताशी असताना बोटीवर बसूनही राहिले नाहीत.

मराठी माणूस भूमध्य समुद्राच्या सफरीवर गेला की मार्सेयला त्याला एका जागेची ओढ असते. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीवरून उडी घेतली ते हे बंदर. ओढ अगदी रास्त आहे, पण आजची मोठी क्रूझ जहाजं जुन्या बंदरापासून कित्येक किलोमीटर उत्तरेला, मालवाहू गोद्यांच्या पलीकडे लागतात. तिथून गोदीच्या कडेने चालत निघालेला माणूस ट्रकांच्या रस्त्यावर अडकतो. शटल बस किंवा टॅक्सी घेऊन जुन्या बंदराशी जावं, पाण्याच्या कडेला शांतपणे उभं राहावं, आणि परतीची बस कुठून सुटते ते उतरतानाच बघून ठेवावं.

आता आपल्याच किनाऱ्याकडे येऊ, कारण बहुतेकांची पहिली क्रूझ मुंबईहूनच होते. कोकणच्या आगबोटी एके काळी मुंबईहून जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायच्या आणि पावसाळ्यात बंद असायच्या. पश्चिम किनाऱ्यावरचा क्रूझचा मोसमही त्या पावसाला मानूनच चालतो. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करतं, आणि २०२५ मध्ये इंदिरा गोदीपाशी नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झालं.

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागतं, म्हणजे वास्कोला. पणजी आणि जुनं गोवं तिथून साधारण ३० किलोमीटर. मराठी कुटुंबांना मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा करायची असते. दोन्ही फोंडा तालुक्यात, एकाच दिशेला, त्यामुळे देवदर्शनाचा दिवस नीट बसतो. फक्त मंदिरांत तोकडे कपडे चालत नाहीत, ते जहाजावरून निघतानाच लक्षात ठेवावं. देवळं, जुनं गोवं आणि कळंगुटचा किनारा असं तिन्ही एका दिवसात करायला जाऊ नये, कळंगुट पार उत्तरेला आहे. समुद्रच हवा असेल तर वास्कोजवळचं बोगमाळो पुरतं. गोव्यात टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवावं: पूर्ण गाडीचं की माणशी, जाऊन-येऊन की एका बाजूचं, थांबण्याचे पैसे धरून की वेगळे. आणि सगळे पैसे परत धक्क्यावर आल्यावरच द्यावेत. हा नियम गोव्यापुरता नाही, जगातल्या प्रत्येक बंदराला लागू आहे.

कोचीला जहाज विलिंग्डन बेटावर लागतं. हे बेटच माणसाने केलेलं आहे. १९२० मध्ये आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून ते उभं राहिलं. फोर्ट कोचीची चिनी जाळी, १५२४ साली वास्को द गामाला प्रथम जिथे पुरलं ते सेंट फ्रान्सिस चर्च आणि मट्टनचेरी हे सगळं एका अर्ध्या दिवसात पायी आणि रिक्षाने होतं. इथे घोटाळा होतो तो वारांचा. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, १५६८ सालचं ज्यूंचं सिनेगॉग शनिवारी बंद. जहाज ज्या वारी लागणार त्या वारी काय बंद असतं, हे घरीच बघून ठेवलं तर दिवस वाचतो. मुंबईत उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यांचीही हीच गत होते. ते सोमवारी गेटवेवर येतात आणि त्या दिवशी घारापुरीची लेणी बंद असतात.

लक्षद्वीपचं वेगळं. तिथे मोठ्या जहाजाला धक्काच नाही, लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. लाटा जास्त असतील तर कप्तान उतरणं रद्द करतो आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. गुडघेदुखी असलेल्यांनी हलत्या बोटीत पाय टाकायची तयारी आहे का, ते आधीच प्रामाणिकपणे ठरवावं. बेटावर जायला परवाना लागतो, तो सहसा कंपनी काढते, पण आपलं नाव त्यात आहे ना हे विचारून घ्यावं. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

आणि जहाजाआधीचा प्रवास? उदाहरणार्थ, मोखाडा तालुक्यातल्या पोशेरा गावाहून निघणाऱ्या कुटुंबाला सफरीतला सर्वांत बेभरवशाचा टप्पा समुद्रावर नाही, जमिनीवर लागतो. घाटाचा रस्ता, मग खोडाळ्यावरून कसारा, मग कसाऱ्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत १२० किलोमीटरची लोकल, साधारण अडीच तास. तिथून बॅलार्ड पिअर सामान नसेल तर चालत पंधरा-वीस मिनिटं. सगळं सुरळीत झालं तर सकाळी निघून दुपारी पोचता येतं, पण सगळं सुरळीत होईल यावर हजारो रुपयांचं तिकीट पणाला लावू नये. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो. एसटी चुकते. जव्हार, मोखाडा, वाडा, कुठल्याही बाजूने निघालात तरी आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करावा. टर्मिनलवर कुठल्या गेटने जायचं ते तिकिटावर लिहिलेलं असतं. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘डॉकला’ सांगितलं तर तो तुम्हाला मैलभर लांबच्या गेटवर सोडेल.

जव्हार-मोखाड्याच्या माणसाकडे मात्र एक शहाणपण जन्मापासून असतं, जे शहरातल्या प्रवाशाला शिकावं लागतं. पावसाळ्यात मुंबई-नाशिकच्या गाड्या दाभोसा धबधबा बघायला येतात. जयविलास राजवाडा, शिरपामाळ, सनसेट पॉइंट, सगळं एका दुपारी उरकायचं असतं. कुणी पाड्यासमोर गाडी थांबवतो, भात लावणाऱ्या बायांचे न विचारता फोटो काढतो आणि निघून जातो. गाडी गेल्यावर मागे राहिलेल्यांना काय वाटतं, हे पोशेऱ्यातल्या कुणालाही विचारा. परक्या बंदरात आपण त्या गाडीतले असतो. हजारो माणसं एका जहाजातून एकदम उतरतात तेव्हा एखाद्या लहान गावाची सकाळ पार बदलून जाते. फोटोआधी नजरेने परवानगी मागावी, चारजणांत मिळून एकच चहा न घेता हॉटेलवाल्याला थोडा धंदा द्यावा, स्थानिक भाषेतले नमस्कार आणि धन्यवाद एवढे दोन शब्द पाठ करावेत. बोहाड्याच्या रात्री सोंगं नाचतात तेव्हा मोखाड्याला आलेला पाहुणा मागे उभा राहून बघतो की मध्ये घुसून मोबाइल धरतो, यावरून गाव त्याला ओळखतं. बंदरंही तशीच ओळखतात.

कागदपत्रांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथली चूक पैशाने निस्तरत नाही. परदेशी सफरीत जहाज ज्या ज्या देशात लागणार त्या प्रत्येकाचे नियम बघावे लागतात, आपण उतरणार नसलो तरी. सिंगापूरहून निघून मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला येणं म्हणजे सिंगापुरात दोनदा प्रवेश. तेव्हा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. ग्रीसहून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येणाऱ्या सफरीत शेंगेन व्हिसाचंही तेच. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसातून सूट दिली, पण प्रवेशाआधी ऑनलाइन कार्ड भरावं लागतं. असे नियम बदलत राहतात, म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर न जाता निघण्याच्या महिनाभर आधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघावं. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने उरलेली असावी. बऱ्याच सफरींत पासपोर्ट जहाजावरच जमा करून घेतात. तेव्हा उतरताना त्याची छापील प्रत, जहाजाचं कार्ड आणि एक फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवावं.

मोबाइल समुद्रात असताना विमान मोडवर टाकावा. जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क असतं, फोन नकळत त्याला जोडला गेला की घरी आल्यावर बिलाने झोप उडते. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवावा. जहाजाचं नाव, धक्क्याचा क्रमांक आणि गेटचं नाव स्थानिक लिपीत कागदावर लिहून घ्यावं, थाई किंवा अरबी टॅक्सीवाल्याला इंग्रजी नाव कळेलच असं नाही. कार्डाने पैसे देताना यंत्र रुपयांत की स्थानिक चलनात असं विचारतं, तेव्हा स्थानिक चलन निवडावं. रुपये निवडले तर दुकानाच्या बाजूचा महाग दर लागतो.

खाण्याचं. मराठी घरातून चिवडा, लाडू, लोणचं आल्याशिवाय प्रवास पूर्ण होत नाही. बंद पाकिटातला कोरडा खाऊ केबिनमध्ये बहुधा चालतो, पण किनाऱ्यावर उतरताना फळं, दूध-दही, मांस, घरचं ताजं अन्न बरोबर नेऊ नये. जहाजाच्या न्याहारीतलं सफरचंद पिशवीत टाकून उतरणं ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये मोठ्या दंडाचं कारण होऊ शकतं. शेतीवर परकी कीड येऊ नये म्हणून हे देश अतिशय कडक आहेत. रोजची औषधं मात्र दोन दिवसांची जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, केबिनमध्ये न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत असावीत.

ही पिशवी महत्त्वाची आहे, कारण एवढं करूनही जहाज चुकू शकतं. रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर त्या बंदरातल्या जहाजाच्या एजंटचं नाव आणि फोन नंबर छापलेला असतो. उतरताना त्याचा फोटो काढून घ्यावा आणि कागदही जवळ ठेवावा. उशीर होतोय असं दिसलं की धक्क्यावर पोचायची वाट न बघता वाटेतूनच एजंटला फोन करावा, नाव आणि केबिनचा नंबर सांगावा. जहाज सुटलंच तर पासपोर्ट बहुधा केबिनच्या तिजोरीतून किंवा जहाजाच्या ऑफिसातून काढून एजंटकडे दिलेला असतो, म्हणून आधी त्यालाच भेटावं. मग पुढचं बंदर कोणतं, तिथे जायला व्हिसा लागतो का आणि जहाज कधी लागणार ते विचारावं, आणि प्रवास विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावं. तिकिटाचा आणि राहण्याचा खर्च आपल्यालाच करावा लागतो, तेव्हा विमा घेताना त्यात क्रूझचा आणि जहाज चुकण्याचा उल्लेख आहे का ते आधीच वाचून घ्यावं. घरच्यांपैकी काही जण जहाजावर आणि काही किनाऱ्यावर राहिले तर जहाजावरच्यांनी घाबरून पुढच्या बंदरात उतरून मागे फिरू नये. त्यांनी जहाजाच्या स्वागतकक्षाशी बोलावं आणि पुढच्या बंदरात वाट बघावी.